डीएनएच्या सिम्युलेशनमधून लवचीकतेचा आकडा दर वेळी वेगळा येतो : दोष कुठे शोधावा

डीएनएचा पंधरा-वीस बेस जोड्यांचा तुकडा पाण्यात आणि आयनांत ठेवून त्याचे सिम्युलेशन, म्हणजे अणूंच्या हालचालींचे संगणकावरचे अनुकरण, चालवायचे, मिळालेल्या ट्रॅजेक्टरीतून, म्हणजे अणूंच्या स्थानांच्या क्षणाक्षणाच्या नोंदीतून (तिचा एकेक क्षण म्हणजे एक फ्रेम), प्रत्येक पायरीचे, म्हणजे लगतच्या दोन बेस जोड्यांमधील, रोल आणि टिल्ट (दोन दिशांना वाकण्याचे कोन) व ट्विस्ट (पिळाचा कोन) काढायचे आणि त्यांच्या चढउतारांवरून रेणूचा ताठरपणा मोजायचा, ही पद्धत आता चांगली रुळलेली आहे. तरीही तीच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. पर्सिस्टन्स लांबी, म्हणजे ज्या अंतरापर्यंत रेणू आपली दिशा टिकवून धरतो ती लांबी, प्रयोगांत साधारण ५० नॅनोमीटर, म्हणजे जवळजवळ १५० बेस जोड्या इतकी मिळते. सिम्युलेशनमधून मात्र एकदा ती ३४ येते, तोच तुकडा पुन्हा चालवला की ६५ येते, आणि पिळाचा ताठरपणा तर दोन्ही वेळा प्रयोगातील आकड्याच्या जेमतेम एक तृतीयांशावर अडकून बसतो.

अशा वेळी पहिला संशय फोर्स फील्डवर, म्हणजे अणूंमधील बलांची सूत्रे आणि आकडे देणाऱ्या संचावर, घेतला जातो आणि सगळे गणित नव्या फोर्स फील्डवर पुन्हा चालवले जाते. त्यात आठवडे जातात आणि आकडे पुन्हा तसेच विस्कळीत येतात. मी स्वतः या चक्रातून गेलो आहे, म्हणून आग्रहाने सांगतो की फोर्स फील्ड हा तपासाचा शेवटचा टप्पा असावा. सिम्युलेशनमधून आलेल्या वरच्या तीन आकड्यांपैकी पहिला खरोखर चुकीचा आहे, दुसरा बहुधा बरोबर आहे पण त्याची तुलना चुकीच्या आकड्याशी होते आहे, आणि तिसरा बरोबर असूनही भलत्याच लांबीवर मोजलेला आहे. तिघांची कारणे वेगवेगळी असल्यामुळे एकच उपाय तिघांना लागू पडत नाही.

आधी हिशेब समोर ठेवू

शेजारच्या पायऱ्यांचा परस्परसंबंध तूर्त सोडून दिला, तर पर्सिस्टन्स लांबीचे सूत्र फार साधे आहे. दोन जोड्यांमधील उंची ०.३४ नॅनोमीटर धरायची, तिची दुप्पट करायची आणि तिला रोल व टिल्ट यांच्या प्रमाण विचलनांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचे. कोन रेडियनमध्ये असले पाहिजेत. ते अंशांतच राहून जाणे ही चूक वाटते त्यापेक्षा बरीच जास्त वेळा घडते, पण तिचा आकडा इतका हास्यास्पद येतो की ती लगेच सापडते.

उदाहरणादाखल एका पायरीच्या रोलचे प्रमाण विचलन ४.८ अंश आणि टिल्टचे ३.४ अंश आहे असे समजा. वर्गांची बेरीज रेडियनमध्ये ०.०१०५ होते आणि लांबी सुमारे ६५ नॅनोमीटर येते. आता याच पायरीच्या शंभर फ्रेमपैकी फक्त दोन फ्रेममध्ये जोडी तुटल्यामुळे रोल सरासरीपासून ४० अंश दूर गेला, असे धरा. रोलचे प्रमाण विचलन ४.८ वरून ७.४ अंशांवर जाते आणि लांबी ६५ वरून ३४ वर कोसळते. सरासरी रोल मात्र जेमतेम एका अंशाने हलतो, त्यामुळे सरासरींचा तक्ता पाहणाऱ्याला काहीही वावगे दिसत नाही. ताठरपणा विचलनाच्या वर्गावर अवलंबून असतो आणि वर्ग दूरच्या मूठभर फ्रेमना अवास्तव वजन देतो, ही गोष्ट या सगळ्या तपासाच्या मुळाशी आहे.

म्हणून पहिले काम हे की प्रत्येक पायरीच्या प्रत्येक कोनाचा हिस्टोग्राम, म्हणजे कोणते मूल्य किती वेळा आले याचा आलेख, काढून डोळ्यांनी पाहावा. केवळ सरासरी आणि विचलन असलेला तक्ता यासाठी पुरत नाही.

टोके उसवलेली असतात

दूरच्या फ्रेमचा सर्वांत मोठा पुरवठा टोकांकडून होतो. टोकाच्या जोडीला एकाच बाजूने शेजारी असतो, त्यामुळे ती उघडते, मिटते, आणि कधी कधी उघडलेला बेस दोन धाग्यांमधील छोट्या खोबणीत वळून तिथे भलत्याच हायड्रोजन बंधांनी अडकून बसतो. एटी (ॲडेनिन-थायमिन) जोडी टोकाला असेल तर हे लवकर घडते. जीसी (ग्वानिन-सायटोसिन) जोडी असेल तर उशिरा घडते, पण पुरेशा लांब सिम्युलेशनमध्ये तीही सुटते. एका टोकाचे हे उसवणे पुढच्या दोन-तीन पायऱ्यांपर्यंत जाणवते.

यावर सरळ उपाय असा की तुकड्याची रचना करतानाच दोन्ही टोकांना जीसी जोड्या ठेवाव्यात आणि विश्लेषणात दोन्ही बाजूंच्या तीन-तीन जोड्या वगळाव्यात. १८ जोड्यांच्या तुकड्यातून मग आतल्या १२ जोड्या आणि ११ पायऱ्या हाती राहतात. बारापेक्षा लहान तुकड्यावर लवचीकतेचे काम करू नये असे माझे मत आहे, कारण टोके वगळल्यावर मोजण्यासारखे फारसे उरत नाही.

आतल्या भागासाठी दुसरी चाळणी लावावी. ज्या फ्रेममध्ये मोजायच्या जोड्यांपैकी एखादीचे हायड्रोजन बंध तुटलेले आहेत, ती फ्रेम ताठरपणाच्या हिशेबातून बाजूला काढावी. बेसच्या क्रमावरून आकार आणि ताठरपणा सांगणारे सीजीडीएनएसारखे मॉडेल घडवतानाही अशी चाळणी लावलेली आहे. मात्र किती फ्रेम गाळल्या हे प्रत्येक जोडीपुढे लिहून ठेवावे. एखाद्या आतल्या जोडीपायी दहा-पंधरा टक्के फ्रेम गळत असतील, तर चाळणीने प्रश्न सुटलेला नसून झाकला गेला आहे, आणि तिथे जोडी का उघडते हे स्वतंत्रपणे पाहावे लागते.

टोके बांधून ठेवण्यासाठी काही जण टोकाच्या जोडीच्या हायड्रोजन बंधांवर अंतराचे बंधन घालतात. ठरावीक अंतरापर्यंत शून्य आणि त्यापलीकडेच जोर लावणारे सपाट तळाचे बंधन असेल, तर मला त्यात फारसे वावगे वाटत नाही. घट्ट स्प्रिंगचे बंधन मात्र शेजारच्या पायऱ्यांनाही ताठ करते.

धागे वेगवेगळ्या पेटीत जातात

आवर्ती पेटीत, म्हणजे सर्व बाजूंना स्वतःच्याच प्रतिमांनी वेढलेल्या मानलेल्या सिम्युलेशनच्या पेटीत, दोन धागे हे दोन स्वतंत्र रेणू असतात. ट्रॅजेक्टरी साठवताना एखादा धागा पेटीच्या भिंतीपलीकडे गेला की तो समोरच्या बाजूने आत आलेला दिसतो, आणि विश्लेषणाच्या प्रोग्रॅमला दोन धागे पाच-सहा नॅनोमीटर अंतरावर असल्यासारखे वाटते. बहुतेक प्रोग्रॅम अशा फ्रेमवर थांबत नाहीत. ते निमूटपणे राइज (दोन जोड्यांमधील उंची) किंवा शिअरचा (जोडीतील बेस एकमेकांपासून बाजूला सरकण्याचा) अफाट आकडा लिहून पुढे जातात. ओळखण्याची खूण सोपी आहे: सगळ्या जोड्यांचे आकडे एकाच फ्रेमला एकदम बिघडतात आणि काही फ्रेमनंतर एकदम सुधारतात. उसवलेली जोडी अशी वागत नाही.

ग्रोमॅक्स या सिम्युलेशन प्रोग्रॅमच्या ट्रॅजेक्टरीत आधी रेणू अखंड करून मग उड्या काढून टाकाव्यात. ॲम्बर या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या बाबतीत त्याच्या सीपीपीट्राज या विश्लेषणाच्या साधनातील ऑटोइमेज ही आज्ञा बहुतेक वेळा पुरते. उड्या काढण्याची रीत सोबत दिलेल्या रचनेच्या फाइलला, आणि ती नसेल तर पहिल्या फ्रेमला, प्रमाण मानते, म्हणून त्या रचनेत दोन्ही धागे एकत्र आहेत याची आधी खात्री करावी. ती रचनाच फुटकी असेल तर पुढची सगळी ट्रॅजेक्टरी इमानाने फुटकीच राहते.

पेटीचा आकारही इथेच तपासून घ्यावा. १८ जोड्यांचा तुकडा जवळपास ६ नॅनोमीटर लांब असतो. पाण्याचे रेणू वाचवण्यासाठी लांबट, अरुंद पेटी घेतली तर तुकडा काही दहा नॅनोसेकंदांत फिरून आडवा होतो आणि त्याची टोके स्वतःच्याच प्रतिमेला भिडतात. छाटलेली अष्टफलक पेटी घ्यावी, आणि प्रतिमेपासूनचे किमान अंतर संपूर्ण ट्रॅजेक्टरीभर काढून पाहावे.

चिन्हांची चूक

ही चूक मला स्वतःला सर्वांत महाग पडली, म्हणून तिच्यावर थोडे अधिक लिहितो. सोळा संभाव्य पायऱ्यांपैकी स्वतंत्र पायऱ्या दहाच असतात, कारण एका धाग्यावर एए वाचलेली पायरी दुसऱ्या धाग्यावरून टीटी वाचली जाते. आकडेवारी वाढवण्यासाठी आपण दोन्ही एकत्र करतो, आणि ते योग्यच आहे. पण धागा बदलला की शिफ्ट आणि टिल्ट यांची चिन्हे उलटतात (शिफ्ट आणि स्लाइड म्हणजे शेजारच्या जोड्यांचे दोन दिशांना बाजूला सरकणे). स्लाइड, राइज, रोल आणि ट्विस्ट यांची तशीच राहतात. एका जोडीच्या आतल्या मापांत शिअर आणि बकल (जोडीचा बाक) यांची चिन्हे उलटतात. चिन्हे न बदलता आकडे एकत्र केले, तर टिल्टची खरी सरासरी शून्याजवळ पुसली जाते, त्या सरासरीचा वर्ग विचलनात मिसळून पायरी खोटी मऊ दिसू लागते, आणि टिल्टचा रोल व ट्विस्टशी असलेला संबंध कोव्हेरियन्स मॅट्रिक्समधून, म्हणजे मापे एकमेकांबरोबर कशी बदलतात त्याच्या तक्त्यातून, नाहीसा होतो. मी कित्येक महिने टिल्ट-रोलचा संबंध शून्य आहे असे समजून चाललो होतो. तो माझ्याच बेरजेने शून्य केला होता.

याच सममितीतून एक उत्तम चाचणी आयतीच मिळते. एटी, टीए, सीजी आणि जीसी या पायऱ्या दोन्ही धाग्यांवरून सारख्याच वाचल्या जातात. संपूर्ण क्रमही दोन्ही बाजूंनी सारखा असेल, तर मधोमध असलेल्या अशा पायरीच्या शिफ्ट आणि टिल्टची सरासरी शून्य आलीच पाहिजे, आणि डाव्या अर्ध्या भागाचे आकडे उजव्या अर्ध्या भागाशी, चिन्हाचा नियम पाळून, जुळले पाहिजेत. सीजीसीजीएएटीटीसीजीसीजी हा बारा जोड्यांचा प्रसिद्ध डिकरसन-ड्रू तुकडा असाच आहे. नवी विश्लेषणाची साखळी उभारली की मी ती आधी याच तुकड्यावर चालवतो. दोन अर्धे जुळले नाहीत तर एकतर चिन्हे चुकली आहेत किंवा सिम्युलेशन अजून पुरेसे चाललेले नाही. हा निकाल कोणत्याही प्रयोगाच्या आकड्याशिवाय मिळतो, म्हणूनच तो इतका भरवशाचा आहे.

पुरेसे म्हणजे किती, हाही प्रश्न वारंवार येतो. अठरा जोड्यांच्या एका वेगळ्या तुकड्यावर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात आतल्या भागाची सरासरी रचना १ ते ५ मायक्रोसेकंदांत स्थिरावलेली दिसली. शंभर नॅनोसेकंदांच्या ट्रॅजेक्टरीवरून संपूर्ण मॅट्रिक्स काढणारे आजही आढळतात; त्यांनी निदान ट्रॅजेक्टरीच्या दोन अर्ध्यांचे आकडे वेगळे काढून शेजारी मांडावेत.

कोनांच्या सरासरीबद्दल एवढेच सांगतो की डीएनएच्या कण्याचे, म्हणजे साखर-फॉस्फेटच्या साखळीचे, कोन वर्तुळावर फिरतात. १७० आणि उणे १७० यांची साधी सरासरी शून्य येते, खरी सरासरी मात्र १८० असते. अशा कोनांसाठी वर्तुळाकार सरासरीच वापरावी.

६५ हा आकडा चुकीचा नसू शकतो

टोके वगळली, उड्या काढल्या, चिन्हे दुरुस्त केली आणि तरीही लांबी ६५ आली, तर लगेच निराश होऊ नये. प्रयोगात मिळणारी ५० नॅनोमीटर ही लांबी दोन गोष्टींतून बनलेली असते: उष्णतेमुळे होणारी हालचाल आणि क्रमामुळे रेणूत मुळातच असलेला स्थिर वाक. यांचे व्यस्त आकडे बेरजेत येतात, म्हणजे एकूण लांबीचा व्यस्त हा हालचालीच्या लांबीचा व्यस्त अधिक स्थिर वाकाच्या लांबीचा व्यस्त इतका असतो. प्रत्येक पायरीचे विचलन तिच्या स्वतःच्या सरासरीभोवती मोजले की फक्त हालचालीचा भाग मिळतो. तो ६५ असेल आणि स्थिर वाकाची लांबी २१७ च्या आसपास असेल, तर एकूण बरोबर ५० येते.

तेव्हा तुलना कशाची कशाशी होते आहे हे आधी ठरवले पाहिजे. सगळ्या पायऱ्यांचे रोल एकत्र ओतून एकच विचलन काढले, तर स्थिर वाकाचा थोडा अंश त्यात नकळत शिरतो आणि आकडा कमी होतो. तो ५० च्या जवळ आला म्हणून पद्धत योग्य ठरत नाही. स्थिर भाग हवा असेल तर पायऱ्यांच्या सरासरी रचनांवरून अनेक वेगवेगळ्या क्रमांचे लांब रेणू उभारून त्यांच्या दिशेचा क्षय मोजावा लागतो. एका अठरा जोड्यांच्या तुकड्यावरून हे काम होत नाही.

पिळाचा ताठरपणा एक तृतीयांश का येतो

ट्विस्टचे प्रमाण विचलन एका पायरीला साधारण ५.५ अंश असेल, तर ०.३४ नॅनोमीटरला त्याच्या वर्गाने भागून ३७ नॅनोमीटर येते. प्रयोगांत पिळाची पर्सिस्टन्स लांबी सुमारे १०० नॅनोमीटर मिळते. हा फरक पाहून फोर्स फील्ड मऊ आहे असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

शेजारच्या पायऱ्यांचे ट्विस्ट एकमेकांना सांभाळून घेतात. एक पायरी जास्त पिळली की पुढची थोडी सैल होते, त्यामुळे पायऱ्यांचे चढउतार लांबीवर एकमेकांना खोडतात. त्या स्वतंत्र असत्या, तर दहा पायऱ्यांच्या एकूण पिळाचे विचलन ५.५ गुणिले १० चे वर्गमूळ, म्हणजे १७.४ अंश आले असते. ताठरपणा १०० नॅनोमीटर असेल तर ते केवळ १०.६ अंश यायला हवे. हे पाहण्यासाठी वेगळे सिम्युलेशन लागत नाही: आहे त्याच ट्रॅजेक्टरीतून एक, दोन, पाच, दहा पायऱ्यांचा एकूण ट्विस्ट काढून त्याच्या विचलनाचा वर्ग पायऱ्यांच्या संख्येने भागावा आणि तो कसा घसरत जातो ते आलेखावर मांडावे. ॲग्नेस नॉय आणि रामिन गोलेस्तानियन यांनी २०१२ मध्ये डीएनएचे यांत्रिक गुण कोणत्या लांबीवर मोजले यावर कसे अवलंबून असतात हे सिम्युलेशनवरून दाखवले होते. लांब रेणूच्या प्रयोगाशी तुलना करायची असेल, तर किमान एका पूर्ण वेढ्याचा, म्हणजे दहा-साडेदहा जोड्यांचा आकडा घ्यावा.

सीजी पायरीचा हिस्टोग्राम इथे पुन्हा उपयोगी पडतो. तिच्या ट्विस्टला अनेक क्रमांत दोन शिखरे असतात, एक कमी पिळाचे आणि एक जास्त पिळाचे, आणि ती शेजारच्या फॉस्फेटच्या बीआय व बीआयआय या दोन वेगळ्या ठेवणींशी जोडलेली असतात. अशा पायरीचा एकच सरासरी ट्विस्ट आणि एकच ताठरपणा सांगितला, तर सरासरी म्हणून सांगितलेल्या ठिकाणी रेणू क्वचितच असतो. दोन शिखरांचे आकडे आणि त्यांचे वाटे वेगवेगळे द्यावेत.

रेणू अवास्तव ताठ दिसत असेल तर

उलटी तक्रार तुलनेने कमी येते आणि तिचे कारण बहुधा एकच असते: सुरुवातीला रचना स्थिर करण्यासाठी अणूंवर घातलेले स्थानाचे बंधन मुख्य टप्प्यात काढायचे राहून गेलेले असते. पर्सिस्टन्स लांबी शेकड्यांत गेली की आधी इनपुट फाइल उघडून हेच पाहावे. दुसरे कारण म्हणजे फ्रेमच्या निर्देशांकांची आधी सरासरी घेऊन मग त्यावर कोन मोजणे. त्यात हालचाल आधीच पुसली गेलेली असते.

खोबणीची रुंदी दुप्पट येणे ही तक्रार लवचीकतेची नाही, आकाराची आहे, पण ती याच टप्प्यावर निघते. विश्लेषणाच्या दोन प्रोग्रॅमपैकी थ्रीडीएनए समोरासमोरच्या फॉस्फेटमधील थेट अंतर देते, तर कर्व्ह्ज प्लस त्यातून फॉस्फेटच्या त्रिज्यांपोटी ५.८ अँगस्ट्रॉम वजा करते. एकाचे ११.७ आणि दुसऱ्याचे ५.९ हे एकाच छोट्या खोबणीचे वर्णन आहे.

आता फोर्स फील्डकडे

वरील सर्व तपास झाल्यावरही सरासरी ट्विस्ट ३४ अंशांच्या आसपास न राहता काळाबरोबर हळूहळू उतरत असेल, तर प्रत्येक न्यूक्लिओटाइडचा गॅमा कोन (कण्यातील एक कोन) वेळेनुसार काढावा. नेहमीच्या बी-रचनेत, म्हणजे डीएनएच्या सर्वसाधारण रूपात, तो सुमारे ५० अंश असतो. ॲम्बरच्या जुन्या पार्म९४ आणि पार्म९९ या फोर्स फील्ड संचांत तो दहा-वीस नॅनोसेकंदांनंतर १८० कडे उलटतो आणि परत येत नाही. अशी उलटलेली ठिकाणे साचत गेली की पिळा उलगडू लागतो. २००७ मधील बीएससी० या दुरुस्तीने हे थांबवले, आणि त्यानंतर २०१५ मधील ओएल१५ व २०१६ मधील बीएससी१ यांनी पिळाचे आणि बीआय-बीआयआय वाट्याचे आकडे आणखी सुधारले. जुनी इनपुट फाइल पिढ्यानपिढ्या कॉपी होत राहते, म्हणून फाइलच्या नावावर न जाता प्रत्यक्ष कोणते पॅरामीटर वाचले गेले ते लॉगमध्ये पाहावे.

आयनांची मोजणीही तिथेच दिसते. टोकांना फॉस्फेट नसलेल्या १८ जोड्यांच्या तुकड्यावर ३४ ऋण भार असतात, तेव्हा निव्वळ भार शून्य करण्यासाठी ३४ सोडियम किंवा पोटॅशियम लागतात आणि वरचे मीठ त्याहून वेगळे मोजायचे असते. पोटॅशियम क्लोराइडचे खडे पेटीत जमताना दिसले, तर आयनांचे पॅरामीटर एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन संचांतून उचललेले आहेत असे समजावे आणि २००८ मधील जुंग-चीथम संच, आपल्या पाण्याच्या मॉडेलसाठी दिलेला नेमका उपसंच निवडून, वापरावा.

शेवटची पडताळणी म्हणून तोच क्रम सीजीडीएनएला देऊन पायरीगणिक सरासरी आणि ताठरपणा आपल्या आकड्यांशेजारी मांडावा. सगळ्या पायऱ्या एकाच दिशेने सरकलेल्या असतील तर फोर्स फील्ड किंवा मीठ वेगळे आहे. दोन-तीनच पायऱ्या विचित्र असतील तर त्या पायऱ्यांचे हिस्टोग्राम पुन्हा उघडावेत, कारण चाळणीतून निसटलेल्या फ्रेम बहुधा तिथेच सापडतात.